दंड भरून मोकळं होण्याआधी

लेकरा, धाराशिवच्या कोर्टात वकिलांचा कारकून म्हणून माझं आयुष्य गेलं. मोठ्या गुन्ह्यात नाव आलं की माणूस रान विकून वकील लावतो. फसतो तो किरकोळ केसमध्ये. देशीच्या चार बाटल्या सापडल्या, तिरटच्या डावावर छापा पडला, की ठरलेलं वाक्य: "कबूल करतो, दंड भरतो, मोकळा होतो."

मोकळा होत नाहीस. "गुन्हा कबूल आहे का?" असं साहेब विचारतात. तू 'हो' म्हणालास की ती दोषसिद्धी झाली, मग दंड कितीका असेना. दारूबंदीचा कायदा १९४९चा, जुगाराचा १८८७चा, आणि दोन्ही राज्याचे. १ जुलै २०२४ला दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, गावातल्या जाणत्यांची ४२० न् ३०७ ही पाठ कलमं बदलली, पण हे दोन्ही कायदे जागच्या जागी आहेत. म्हणून 'हो' म्हणण्याआधी वकिलाला कागद दाखव. पंचनामा कुठं झाला, पंच कोण होते, माल खरंच तुझ्याकडून जप्त झाला का, हे बघितल्याशिवाय तोंड उघडू नकोस.

हे तुला मुद्दाम सांगतोय, कारण तू पोलीस भरतीसाठी पहाटे पळतोस. चारित्र्य पडताळणीत हे सगळं वर येतं. आणि लपवायचं तर अजिबात नाही. अवतार सिंगच्या खटल्यात २०१६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की गुन्हा क्षुल्लक असेल तर नेमणूक करणारे तो पोटात घालू शकतात. पण माहिती दडवणं हेच नोकरी जाण्याचं कारण ठरू शकतं. फॉर्मवर विचारलंय तेवढं खरं लिही.

बांधावरच्या भांडणाचं वेगळं आहे. ११५(२), ३५२, ३५१(२), म्हणजे जुनं ३२३, ५०४, ५०६. इथं फिर्यादीशी तडजोड होते आणि तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो. लोकअदालतीत गर्दीत उभा असशील तेव्हा नीट विचारून घे, आपली तडजोड होतेय की कबुली. दोन्हीत त्याच दिवशी केस मिटते, म्हणून माणसाला फरक कळत नाही.

तारखांचं सांगतो. कळंब, भूम, वाशीकडचे ऊसतोडीचे कोयतेवाले दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरवर संसार बांधून कारखान्यावर जातात. इकडं पुकारा होतो, उत्तर येत नाही. आधी जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. माणूस उन्हाळ्यात गावी परततो तो थेट पोलीस ठाण्यात. जामिनावर असताना विनाकारण गैरहजर राहणं हा न्याय संहितेच्या कलम २६९ खाली वेगळा गुन्हा आहे, म्हणजे मूळ केस फुसकी असली तरी ही दुसरी अंगावर येते. जाण्याआधी वकिलाकडं फडाचा पत्ता आणि मुकादमाचा नंबर देऊन जायचं. हजेरी माफीचा अर्ज वकील देतो. मंजूर करणं कोर्टाच्या हातात. वकिलाला फोन करायला लाजायचं नाही.

आता तडीपारी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. कलम ५५ ते ५७. मुदत दोन वर्षांपर्यंत. यातलं ५७ शिक्षा झालेल्यांसाठीच आहे, आणि दारूबंदी-जुगाराच्या काही कलमांतल्या शिक्षाही त्यात धरतात. दंड भरून विसरलेली पावती इथं पुन्हा समोर येते. आधी कलम ५९ची नोटीस येते. लोक ती घडी घालून कोनाड्यात ठेवतात. तसं करू नकोस. लेखी खुलासा दे, साक्षीदार दे, सुटलेल्या केसेसच्या निकालांच्या नकला जोड. हुकूम झालाच तर ३० दिवसांत शासनाकडं किंवा शासनानं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं अपील. जालन्यातल्या एका तडीपारीत सुप्रीम कोर्टानं २०२२ साली हुकूम रद्द केला. दोन वर्षांची पुरी मुदत का, याचं कारणच अधिकाऱ्यानं लिहिलं नव्हतं.

अटक झालीच तर कारण विचार, घरी कळवायला सांग, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं नेतात. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. मॅजिस्ट्रेट "काही तक्रार आहे का?" विचारतील, तेव्हा मारलं असेल तर तिथंच सांग, बाहेर येऊन सांगितलेलं कागदावर चढत नाही. जामीनदाराचा सातबारा नि ऐपतीचा दाखला घरच्यांनी तोवर गोळा करावा.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० नंबर आहे. कोठडीतल्या माणसाला, बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. आपल्या पारधी वस्त्यांवर हे जाऊन सांग. तिथल्या पोरांना अजून संशयावरून उचलतात.

आणि निर्दोष सुटलास तर त्याच आठवड्यात नक्कल विभागात अर्ज टाक. सही-शिक्क्याची प्रत घे, झेरॉक्स वेगळी ठेव. भरतीच्या पडताळणीला ती प्रत लागेल.