मुलांची दृष्टी आणि उघडे आकाश

ज्या मुलास फळ्यावरील अक्षर दिसत नाही, ते मूल बहुधा ‘मला दिसत नाही’ असे घरी येऊन सांगत नाही. त्याची दृष्टी इतकी हळूहळू मंदावते की आपले काही उणे झाले आहे हेच त्याच्या ध्यानी येत नाही. जग सर्वांनाच असे दिसत असावे अशी त्याची समजूत असते. ते डोळे बारीक करून पाहते, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते, चेंडू अंगावर येईतो हलत नाही. मग गुरुजी म्हणतात याचे लक्ष नाही, घरची मंडळी म्हणतात हा मंद आहे, आणि काही दिवसांनी ते मूलही तसेच मानू लागते.

मी स्वतः असाच एक मुलगा होतो. आमचे घर देवळाच्या आवारातच. कळसावर कावळा बसला आहे असे भावंडे म्हणत, तेव्हा मला तेथे पिवळा ठिपका तेवढा दिसे. कावळा त्यांनी कल्पिला असावा असे मला वाटे. फळ्यावरील गणित चुकीचे उतरविल्याबद्दल मी वर्षभर छड्या खाल्ल्या. आठवीत असताना एका मित्राने थट्टेने आपला चष्मा माझ्या नाकावर ठेवला आणि पिंपळाला निरनिराळी पाने आहेत हे मला प्रथम दिसले. या विषयाची गोडी तेव्हापासूनची. मी डॉक्टर नाही. परंतु गेल्या दीडशे वर्षांत यासंबंधी जे शोधकार्य झाले आहे ते वाचीत आलो आहे, आणि त्यातील काही भाग आपणा पालकांच्या हाती असल्यामुळे येथे मांडतो.

जवळचे स्पष्ट व लांबचे अंधुक दिसणे यास निकटदृष्टी म्हणतात. जन्माच्या वेळी डोळ्याचा गोल पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर असतो, प्रौढपणी तो सुमारे २४ मिलिमीटर होतो. ही वाढ बेताची झाली म्हणजे प्रतिबिंब नेमके आतील दृष्टिपटलावर पडते. गोल प्रमाणाबाहेर लांबला की ते पटलाच्या अलीकडेच पडते व लांबची वस्तू पुसट होते. एका मिलिमीटरच्या जादा लांबीने चष्म्याचा नंबर सुमारे अडीच ते तीनने वाढतो. लांबलेला गोल पुन्हा आखूड होत नाही. चष्म्याने दिसू लागते, पण दोष जात नाही. आणि नंबर फार वाढल्यास उत्तर वयात पटल सुटणे, काचबिंदू, पटलाचा मध्यभाग झिजणे यांचे भय इतरांहून पुष्कळ अधिक असते. म्हणून हा केवळ सोयीगैरसोयीचा प्रश्न नव्हे.

या विषयातील पहिली मोठी पाहणी १८६७ साली प्रसिद्ध झाली. ब्रेसलाऊ (आज पोलंडमधील व्रोत्स्वाफ) येथील नेत्रवैद्य हेरमान कोन यांनी १०,०६० विद्यार्थ्यांचे डोळे तपासले. खेड्यांतील शाळांत निकटदृष्टीची मुले शेकडा १.४, तर विद्यापीठाकडे नेणाऱ्या उच्च शाळांत शेकडा २६.२! जसजसा अभ्यास चढत जाई तसतशी संख्या चढे. शाळेतील अंधाऱ्या खोल्या व वाईट बाके यांवर कोन यांनी बोट ठेवले. पुढे विसाव्या शतकात हा दोष मुख्यतः आनुवंशिक होय असे मत बळावले. आईवडिलांस चष्मा असल्यास मुलांस तो लागण्याचा संभव वाढतो हे खरेच आहे. परंतु एका पिढीत रक्त बदलत नाही. आणि २०१० साली सेऊल येथे तपासलेल्या १९ वर्षांच्या तरुणांत शेकडा ९६ हून अधिक निकटदृष्टीचे निघाले. त्यांच्या आजोबांच्या पिढीत असे नव्हते. तेव्हा कारण राहणीतही शोधणे प्राप्त झाले.

१९९३ साली प्रसिद्ध झालेली जेरुसलेम येथील पाहणी मला विशेष चटका लावून गेली, कारण तिचा संबंध धर्माध्ययनाशी आहे. तेथील सनातनी ज्यू कुटुंबांतील मुलगे लहानपणापासून बारीक अक्षरांच्या धर्मग्रंथांवर दिवसाचे अनेक तास डोलत डोलत वाचन करतात. मुलींचे शिक्षण निराळ्या रीतीचे असते. अशा मुलग्यांत निकटदृष्टी शेकडा ८१, आणि मुलींत शेकडा ३६. समाज एक, अन्न एक, आणि अंतर एवढे! आपल्याकडील संथा घेण्याची पद्धत कानाची होती, डोळ्यांची नव्हती. शिष्य ऐके व म्हणे. बारीक टाइपाची छापील पोथी नाकाशी धरून पाठ करणे ही मागाहूनची गोष्ट. हे सहज आठवले म्हणून लिहिले.

मग दोष वाचनाचाच काय? येथे २००८ साली एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. सिडनी व सिंगापूर या दोन्ही शहरांतील सहासात वर्षांची, चिनी वंशाचीच मुले तपासण्यात आली. सिंगापुरात शेकडा २९.१ मुले निकटदृष्टीची, सिडनीत अवघी ३.३. आईवडिलांत हा दोष दोन्हीकडे जवळपास सारखाच. गंमत अशी की सिडनीची मुले आठवड्याला अधिक पुस्तके वाचीत होती. मोठा फरक एकच आढळला: सिडनीची मुले आठवड्यास पावणेचौदा तास उघड्यावर असत, सिंगापूरची तीनच तास.

एवढ्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरले असते; म्हणून प्रत्यक्ष प्रयोग झाले. दक्षिण तैवानमधील एका प्राथमिक शाळेने मधल्या सुट्ट्यांत वर्ग रिकामे करून सर्व मुलांस बाहेर पाठविण्याचा नियम केला. वर्षाअखेर तेथे नव्याने निकटदृष्टी झालेली मुले शेकडा ८.४१, शेजारच्या, असा नियम नसलेल्या शाळेत १७.६५. चीनमधील ग्वांगझौ येथे बारा शाळा घेऊन, त्यांपैकी सहांत पहिलीच्या मुलांस रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर दिला. तीन वर्षांनी त्या शाळांत शेकडा ३०.४ मुलांस हा दोष जडला होता, इतर शाळांत ३९.५ मुलांस. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. फरक थोडा वाटेल. पण औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, खर्च नाही, आणि शंभरांतील नऊ मुले वाचली. तैवानने तर २०१० पासून देशभर शाळकरी मुलांस रोज १२० मिनिटे बाहेर ठेवण्याचा उपक्रम हाती घेतला. तेथील प्राथमिक शाळांत मंददृष्टीच्या मुलांचे प्रमाण २०११ पर्यंत शेकडा ५० वर चढले होते, ते २०१५ साली ४६.१ पर्यंत उतरले.

बाहेर असे काय आहे? खेळ नव्हे, उजेड. कोंबडीच्या पिलांवर प्रयोग झाले, त्यांत प्रखर उजेडात वाढलेल्या पिलांचे डोळे कमी लांबले. उजेडाने दृष्टिपटलात डोपामीन नावाचे द्रव्य स्रवते व ते गोलाच्या वाढीस आवर घालते, असा आज शास्त्रज्ञांचा बहुमान्य तर्क आहे. आपल्या घरातील दिव्याचा उजेड मोजला तर काही शे लक्स भरतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो हजारांत असतो, आणि भर उन्हात लाखापर्यंत जातो. आपला डोळा जुळवून घेतो, म्हणून हे अंतर आपणास जाणवत नाही. यासाठी मुलास रणरणत्या उन्हात उभे करण्याचे कारण नाही. सावलीत, टोपी घालून, बसून गोष्टी ऐकल्या तरी चालते. मात्र सूर्यबिंबाकडे टक लावून पाहू देऊ नये, अर्घ्य देतानाही नाही. त्याने पटल कायमचे भाजते. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. उघड्यावरील वावराचा खरा उपयोग दोष जडण्यापूर्वी होतो. चष्मा लागल्यावर त्याने नंबर थांबेल असा भरवसा धरू नये. त्या मुलास नेत्रवैद्यांकडे वरचेवर दाखवीत राहिले पाहिजे.

आपल्या देशातही हे लोण येत आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीच्या शहरी मुलांत निकटदृष्टी शेकडा ७.४ होती. २०१५ साली दिल्लीतीलच ९,८८४ शाळकरी मुलांच्या पाहणीत ती १३.१ आढळली. दोन्ही पाहण्यांतील मुलांचा वयोगट सर्वस्वी एक नव्हता, तरी कल दिसतो. दुसऱ्या पाहणीत रोज दोन तासांहून अधिक बाहेर असणाऱ्या मुलांत दोष कमी, आणि पाच तासांहून अधिक वाचणाऱ्या व मोबाईलवर खेळणाऱ्या मुलांत अधिक होता. खासगी शाळांत सरकारी शाळांहून अधिक होता, हेही फी मोजणाऱ्या पालकांनी ध्यानी घ्यावे. पण मला सर्वांत लाजिरवाणा वाटला तो आकडा निराळाच आहे: दोष असलेल्या मुलांपैकी योग्य चष्मा चौघांत एकालाच होता.

याचे कारण दारिद्र्य एवढेच नाही. चष्म्याने डोळे अधिक बिघडतात, म्हणून थोडा कमी नंबरचा घ्यावा, असे सुशिक्षित घरांतही म्हटले जाते. मलेशियात ९४ मुलांवर हे तपासून पाहिले गेले. ज्यांना मुद्दाम कमी नंबर दिला त्यांचाच नंबर दोन वर्षांत अधिक वाढला. हा निष्कर्ष २००२ चा आहे. चीनच्या गान्सू व शान्शी प्रांतांत २५२ शाळांत काही मुलांस मोफत चष्मे दिले तेव्हा त्यांचे गणिताचे गुण सुधारले, आणि डोळे काही बिघडले नाहीत.

दुसरे कारण मुलींच्या बाबतीत आहे, व ते आपण मोकळेपणी बोलत नाही. मुलीस चष्मा म्हणजे पुढे स्थळांची अडचण, या भयाने तपासणीच टाळली जाते. दिल्लीच्या पाहणीत दोष मुलींतच अधिक होता. दहाअकरा वर्षांची झाली की मुलगी संध्याकाळी घरात व तिचा भाऊ मैदानावर, ही आपल्याकडील रीत. माझ्या धाकट्या बहिणीसही माझ्यासारखाच, मागल्या बाकावर असताना नंबर लागला. तिची तपासणी दोन वर्षे पुढे ढकलली गेली ती आमच्याच घरातील वडील मंडळींनी. आता ती पहिल्या बाकावर नाही, मागेच बसते, आणि तिला दिसते.

घरी पाहावयाचे असल्यास भिंतीवरील दिनदर्शिका दहाबारा फुटांवरून, एकेक डोळा तळहाताने झाकून मुलाकडून वाचवून घ्यावी. दोन्ही डोळे उघडे ठेवून विचारल्यास एका डोळ्याचा दोष दुसरा झाकून नेतो. शंका आल्यास दुकानातून थेट चष्मा न घेता नेत्रवैद्याकडे जावे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी शाळांत व अंगणवाड्यांत आरोग्यतपासणी होते, तीत डोळेही पाहतात. त्या दिवशी मुलास घरी ठेवू नये.