टाचेतील रक्ताचा एक थेंब

मूल रडले, अंगावर दूध प्याले आणि वजन चांगले भरले, म्हणजे ते निरोगी असे आपण धरून चालतो. परंतु काही दोष डोळ्यांना दिसत नाहीत, ते रक्तात दिसतात. अन्नाचे शरीरात जे रूपांतर होते, त्यास चयापचय म्हणतात. त्यात बिघाड झाला की रक्तातील एखादा पदार्थ वाढतो किंवा कमी पडतो. अशा खुणेच्या पदार्थांना जैवनिर्देशक म्हणतात.

१९३४ साली नॉर्वेतील डॉ. फॉलिंग यांच्याकडे एक माता बौद्धिक वाढ खुंटलेली आपली दोन मुले घेऊन आली. मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड घालताच ती हिरवी झाली. हाच फेनिलकीटोनुरिया. यात दुधातील प्रथिनांचा फेनिलअॅलनिन हा घटक रक्तात साचतो व मेंदूची हानी करतो. त्या मुलांना मात्र फार उशीर झाला होता. पुढे विशेष आहाराचा उपाय सापडला, पण रोग वेळेवर ओळखायचा कसा? १९६० नंतर अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी मार्ग दाखविला. बाळाच्या टाचेतील रक्ताचे थेंब शोषक कागदावर वाळवायचे व तपासायचे. त्यांच्या स्वतःच्या भाचीला हा आजार होता.

याहून अधिक आढळणारा दोष म्हणजे जन्मतः थायरॉइडची कमतरता. यात बहुधा रक्तातील टी.एस.एच. वाढते. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची साधी, स्वस्त गोळी सुरू झाली, तर मुलाची बुद्धी वाचते. महिने लोटले तर झालेले नुकसान पुरते भरून निघत नाही.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे वेळ. जन्मानंतर लगेच टी.एस.एच. आपोआप वाढते, म्हणून साधारणपणे ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान रक्त घेतात. बाळंतीण त्याआधीच घरी येणार असेल, तर तपासणीचे डॉक्टरांना विचारावे. दुसरी गोष्ट, ही केवळ चाळणी आहे. बँकेत सही जुळली नाही म्हणून आम्ही खातेदाराला लबाड ठरवीत नाही. पुन्हा खात्री करून घेतो. तसेच येथेही दुसरी तपासणी झाल्यावरच निदान ठरते.

मूल मागे पडले की आपल्याकडे आईला, तिच्या पायगुणाला बोल लावतात. हा दोष आईचा नव्हे. म्हणून बारशाच्या खर्चाचा हिशेब मांडण्यापूर्वी प्रत्येक घराने एवढेच विचारावे : बाळाच्या टाचेतील रक्त तपासले काय, आणि त्याचा अहवाल हाती आला काय?