आधी लेकराचं, मग मोबाईलचं

खरं सांगा, मुलांचा प्रकल्प आपल्यापैकी किती जणांच्या घरी रात्रीची जेवणं उरकल्यावरच आठवतो? “आई, उद्याच द्यायचाय!” ऐकलं की पोटात गोळा येतो. द्राक्षाची काढणी चालू असते, दिवसभर बागेत उभं राहून पाय भरून आलेले असतात, नाहीतर नुकतंच दुकान बंद करून आपण घरात शिरलेलो असतो. मग मोबाईल हातात येतो. ‘माझे गाव, वीस ओळी’ एवढं सांगितलं की चॅटजीपीटी भराभर मजकूर काढून देतं. लेकरू तो वहीत उतरवतं आणि आपण लाईट बंद करतो. यात कुणाचीच नियत वाईट नसते. दमलेलो असतो, एवढंच.

पण त्या वीस ओळी सवडीनं वाचून बघा. हिरवीगार शेतं, झुळझुळ नदी, प्रेमळ माणसं. आपल्या वणी गावाचं नाव खोडून दुसरं कुठलंही गाव घाला, एकही शब्द बदलावा लागणार नाही. चैत्रात सप्तशृंग गडाकडे पायी निघालेली माणसं त्यात नसतात, पिंपळगावच्या बाजाराला जाणारे टोमॅटोचे क्रेट नसतात. आणि जिचा हा निबंध, ती आपली पोरगी तर कुठेच नसते.

मुलांना हे कळत नाही असं समजू नका. स्वतःच्या चार वाकड्या ओळींशेजारी मोबाईलचं गुळगुळीत लिहिणं दिसलं, की ‘आपल्याला नाही जमत’ हे त्यांच्या मनात बसतं. पुढच्या वेळी ती पेन उचलतच नाहीत. आपण म्हणतो, आळशी झालाय. आत मात्र बहुतेक वेळा लाज असते.

दुसरीकडे आपलाही जीव टांगणीला. एआय वापरायला शिकवलं नाही तर नाशिक-पुण्याची पोरं पुढे जातील आणि शिकवलं तर आपलं पोर डोकं चालवायचं विसरेल. दोन्ही भीती खऱ्या आहेत. म्हणून मला वाटतं, मोबाईल द्यायचा की नाही यावर भांडण्यापेक्षा तो केव्हा द्यायचा, ते ठरवावं.

2024 मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला होता. त्यात काही लोकांना छोट्या गोष्टी लिहायला एआयनं कल्पना पुरवल्या. वाचणाऱ्यांना त्या गोष्टी जास्त चांगल्या वाटल्या, आणि ज्यांचा हात लिहिण्यात कच्चा होता त्यांना फायदा अधिक झाला. पण सगळ्या गोष्टी एकत्र ठेवल्यावर त्या एकमेकींसारख्या झालेल्या दिसल्या. म्हणजे मदत होते, फक्त सुरुवातच तिच्यापासून झाली तर वेगळेपण पुसट होतं.

सुरुवात आपली आणि मदत यंत्राची, हे कसं असतं ते कळायला आपल्याच नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांकडे बघा. 1912 साली त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा आणला. चित्रपटासाठी पैसे लावणाऱ्यांना पटवायला त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोज थोडं थोडं चित्रण करत वेल वाढताना दाखवला. यंत्र परदेशी होतं. पण त्याच्यासमोर वाटाणा ठेवायचा, हे फाळक्यांच्या डोक्यात आलं. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट त्यानंतरचा.

घरी हे कसं करायचं? फार काही लागत नाही. आधी दहा मिनिटं वही-पेन. अशुद्ध, अर्धवट, वाकडंतिकडं, कसंही चालेल. त्या दहा मिनिटांत आपण ऱ्हस्व-दीर्घ काढत बसायचं नाही. हे मला फार जड जातं, तुम्हालाही जाईल.

मग मोबाईल. पण सांगायचं असं: ‘निबंध लिहून देऊ नकोस. मी लिहिलंय ते वाच आणि मला पाच प्रश्न विचार.’ यात गंमत होते. ‘यात्रेत तुला कोणता आवाज आठवतो?’ असं त्यानं विचारलं, तर उत्तर मुलालाच शोधावं लागतं. मोबाईलला ते ठाऊक नसतं. आठवलं नाही तर पोर आजीकडे पळतं, आणि आजीलाही कुणीतरी विचारल्याचं बरं वाटतं.

कधी उलटा खेळ खेळा. एआयला वणीची माहिती विचारा आणि मुलाला चुका शोधायला बसवा. आपली वणी दिंडोरी तालुक्यात, सप्तशृंग गड कळवण तालुक्यात, आणि यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक वणी. गल्लत व्हायला एवढं पुरेसं आहे. चूक सापडली की पोराची छाती फुगते. मोबाईल सांगतो ते सगळं खरं नसतं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि त्यांचे वेडे प्रश्न जपा. गडासमोरच्या मार्कंड्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगतात आणि ते ऐकायला सप्तशृंगी देवीनं मान कलती केलीय, असं आपण मुलांना सांगतो. त्यावर एखादं पोर विचारतं, “मग तिची मान दुखत नसेल?” आपण घाईत “गप रे” म्हणून मोकळे होतो. खरं तर गोष्ट तिथेच सुरू झालेली असते. “तूच सांग, दुखल्यावर ती काय करत असेल?” एवढं म्हटलं तरी पुरे.

एक काळजी मात्र घेऊ या. चॅटजीपीटी तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही आणि अठरापर्यंत पालकांची परवानगी लागते. म्हणून लहानांसोबत आपणच बसायचं, टाईपही आपणच करायचं. नाव, शाळा, फोटो काही टाकायचं नाही.

हे रोज जमणार नाही. हंगामात तर नाहीच. एखाद्या रात्री उतरवलेल्या ओळींवरच भागेल, त्याचा जिवाला घोर लावून घेऊ नका. महिन्यातून एक-दोन रविवार जमले तरी बघा. त्या दिवशी निबंध किती छान झाला हे विचारण्याआधी विचारा, “यातलं तुला स्वतःला सुचलेलं कुठलं?” आणि ते वाक्य लेकराला मोठ्यानं वाचू द्या.