झाडाला गूळ कशाला?

झाड गूळ खात नाही. ते आपली साखर पानांत, उन्हावर स्वतःच तयार करते. मला हे ठाऊक नव्हते. परसातल्या मिरचीच्या रोपाला मी रोज तांब्याभर गुळाचे दाट पाणी घातले. बुडाशी मुंग्याच मुंग्या! आठवड्यात रोपाने मान टाकली. गुरुजी म्हणाले, "कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना? तसंच दाट साखरपाणी मुळांतलं पाणी बाहेर ओढतं." मधाचेही तेच.

मग जीवामृतात गूळ का? तो शेणामातीतल्या जिवाणूंचा खाऊ. २० लिटर पाणी, १ किलो शेण, १ लिटर गोमूत्र, गूळ व बेसन २००-२०० ग्रॅम, मूठभर बांधावरची माती. दोन दिवस सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचे. वर्गामागे डबा भरला आहे. पालकांनी जरूर पाहावा, पण वास येतो हं!