चौकातली ताकीद

प्रश्न : चिंचवडच्या चापेकर चौकात निष्काळजीपणे गाडी चालविल्याबद्दल पोलिसाने मला तोंडी ताकीद देऊन सोडले, माझे म्हणणे ऐकलेच नाही. हे न्याय्य आहे काय?

उत्तर : आपला विषाद रास्त आहे; परंतु अशी ताकीद म्हणजे गुन्ह्याची शाबिती नव्हे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 209 अन्वये, धोकादायक रीतीने वाहन हाकल्याबद्दल कोणास दोषी ठरवावयाचे, तर खटल्याचा विचार होईल अशी समज त्यास जागच्या जागी दिलेली असावी, अथवा गुन्ह्याचे स्वरूप, स्थळ व वेळ नमूद केलेली नोटीस 14 दिवसांत धाडलेली असावी, किंवा 28 दिवसांत समन्स बजावलेले असावे, असा दंडक आहे. नावपत्ता कसोशीने शोधूनही न मिळाल्यास किंवा आरोपीनेच टाळाटाळ केल्यास मात्र तो लागू होत नाही. स्मृती ताजी असतानाच बचावाचा पुरावा जमविता यावा, हे त्याचे प्रयोजन. म्हणूनच, पुढे कारवाई संभवते की नाही हे न सांगता नुसते दटावणे मला अन्यायाचे वाटते. चाकणच्या कारखान्यांचा माल वाहणाऱ्या, परवान्यावरच पोट असलेल्या टेम्पोचालकास तर ते फारच जाचक. ताकीद लेखी, बक्कल नंबरासह मिळावी, असे माझे ठाम मत आहे. तूर्त आपण तारीख, वेळ व सोबत्यांची नावे टिपून ठेवावीत. आणि आरोप अमान्य असल्यास न्यायालयात बाजू मांडावी.