बसण्याआधीचा हिशोब

सोनगीर (जि. धुळे)

चि. निखिल,

तुझा मेसेज वाचला. फोनवर बोटानं एवढं लांबलचक लिहिणं मला जमत नाही, म्हणून कागद घेतला. सुट्टीत मित्रांबरोबर गोव्याला जायचं, मांडवीतल्या बोटीवर पोकर खेळायचा, बोनसचे ६०,००० त्यासाठी काढलेत, टेबल १००-२०० ब्लाइंडचं, असा तुझा बेत. खेळूच नकोस, असं मी कोणत्या तोंडानं सांगू? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे पत्ते हातात न धरलेला गडी शोधावा लागतो, आणि तो तुझा मामा नव्हे. पण कुठला हात खेळायचा नि कुठला टाकायचा एवढंच तू विचारलंस. कुठल्या टेबलावर नि किती पैशांनी बसायचं, हे ठरवूनच टाकलंयस. माझं भांडण तिथं आहे.

मास्तरकीची खोड जात नाही, तेव्हा आधी गणित. ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोघांनी लावायचीच रक्कम, लहान १००, मोठा २००. १००-२०० च्या टेबलावर रीतसर बसायचं तर शंभर मोठे ब्लाइंड, म्हणजे २०,००० समोर हवेत. ही झाली एक बसणी. तुझ्याकडे अशा तीन बसण्या. पोकर नेमानं खेळणारे वीस ते तीस बसण्यांचा गल्ला असल्याशिवाय त्या टेबलाकडे बघत नाहीत. स्पर्धा खेळायच्या तर शंभराच्या पुढं. भित्रे म्हणून नव्हे. समोरासमोरच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस हात होतात. दोन दिवस दहा-दहा तास बसलास तर पाचशे-सहाशे हात. चांगला खेळाडू शंभर हातांमागे पाच-सात ब्लाइंड कमावतो, म्हणजे तेवढ्यात फार तर चाळीस. आणि नुसत्या नशिबाचा हेलकावा तेवढ्याच हातांत दोनशे ब्लाइंडांचा, कधी वर, कधी खाली. म्हणजे तू खरोखर हुशार असलास तरी त्या दोन दिवसांत ते दिसणार नाही. जिंकलास तर ‘आपल्याला जमतं’ म्हणशील, हरलास तर ‘पत्ते आले नाहीत’ म्हणशील, आणि दोन्ही वेळा काहीच सिद्ध झालेलं नसेल.

आपल्याकडची गोष्ट वेगळी नाही. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, नवं साल आखाजीपासून धरतात. उचल हातात पडते, घरी खापरावरची पुरणपोळी नि आमरस होतो, लेकी माहेरी येऊन झोके घेत असतात, आणि निंबाखाली सतरंजी पडते. सकाळी दहा-दहा रुपयांचा डाव. त्यात हजारभर सुटले की गडी शेजारच्या पन्नासच्या डावावर सरकतो. तिथं कुणी मळ्यावाला पत्ते न बघता चाल वाढवत बसलेला असतो. तीन पत्तीत पत्ते बघितलेल्याला दुप्पट लावावी लागते. जोडी हातात असूनही गडी पत्ते टाकतो, कारण पुढची चाल त्याच्या खिशात नसते. त्याला पत्त्यांनी नाही, समोरच्याच्या खिशानं हरवलेलं असतं. उरलेले परत दहाच्या डावावर लावावेत तर नाक कापल्यासारखं वाटतं. म्हणून तिथंच उचल संपते.

पोकरमध्ये एक सोय आहे: हात सुरू होताना तुझ्यासमोर जेवढे चिप्स, तेवढेच त्या हातात जाऊ शकतात. मळ्यावाल्यानं लाख लावले तरी तुला तुझ्या समोरचेच घालून पत्ते उघडायचे असतात. पण हात संपल्यावर पुन्हा चिप्स घ्यायचे की उठायचं, हे तुझ्यावर असतं, आणि ही सोय लोक तिथंच घालवतात. दोन बसण्या गेल्या की त्या दिवशी ऊठ. नशीब फिरेल का, हा प्रश्नच नाही. तिसऱ्या बसणीला तुझी अक्कल पहिलीसारखी राहिलेली नसते.

टेबल निवडताना आधी दहा मिनिटं उभा राहून बघ. गप्पा चालल्यात, हसणं चाललंय, बहुतेक जण प्रत्येक हातात पैसे टाकतायत, तिथं जागा माग. कानात यंत्र घालून मुकाट बसलेली पोरं असली तर पुढं चाल. बेफाम लावणारा एखादा असेल तर त्याच्या डाव्या हाताची खुर्ची घे. बहुतेक वेळा त्यानं काय केलं ते बघून मग तुला बोलता येईल. आणि नाल विसरू नकोस. आखाजीला अड्डेवाला डावातून आपला वाटा काढतो तीच ही, बोटीवर तिला रेक म्हणतात. त्यावर आयकर: पत्त्यांच्या जिंकीवर ३० टक्के, आणि हरलेले त्यातून वजा करू देत नाहीत. शनिवारी ५०,००० जिंकून रविवारी तेवढेच घालवलेस, तरी कायद्याच्या हिशोबात तू जिंकलेलाच.

फोनवरच्या ॲपचं म्हणशील, तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांचा ऑनलाइन खेळ बंद केला. आता कुणी टेलिग्रामवर लिंक पाठवली तर तिथं जिंकलेले पैसे मागायला जायला दारच नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा अजून आहे. आखाजीला कुणी कानाडोळा केला म्हणून तो रद्द होत नाही. तुझ्या पुण्यातल्या मित्राच्या फ्लॅटवर दर शनिवारी नाल काढून डाव भरतो म्हणालास, तिथं पाय टाकू नकोस.

तेव्हा ६०,००० ला वीस बसण्यांनी भाग. एका बसणीला ३,०००, म्हणजे मोठा ब्लाइंड ३० चा. एवढं लहान टेबल बोटीवर आहे का, ते निघण्याआधी फोन करून विचार. नसेल तर एक बसणी हा सहलीचा खर्च धर, २०,००० खिशात घे, बाकीचे ४०,००० तुझ्या आईच्या खात्यावर टाक आणि एटीएम कार्ड हॉटेलवर ठेव. परतीचं तिकीट आत्ताच काढ. आजवर ॲपवर किती भरले नि किती काढले, ते बँकेच्या स्टेटमेंटवरून महिन्यावार मांडून मला पाठव. आठवणीतले आकडे नकोत. ते बघितल्याशिवाय हाताबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही.

तुझा,
मामा