मोटारीतील स्टीरिओ आणि ओहमचा नियम

मोटारीत बसवायच्या स्टीरिओच्या खोक्यावर पुष्कळदा ‘५० वॉट × ४’ असा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. जुना स्टीरिओ बदलायचे घरात ठरले, की दुकानात सर्वांची नजर याच आकड्याकडे जाते. चार स्पीकर, प्रत्येकाला ५० वॉट, म्हणजे एकूण २०० वॉट! हाताशी पैसे मात्र मोजकेच असतात. ते कशावर खर्च करावेत? नव्या स्टीरिओवर, नव्या स्पीकरांवर, की वेगळ्या ॲम्प्लिफायरवर? हा प्रश्न दुकानदाराला विचारण्याआधी आपण शाळेतल्या भौतिकशास्त्राला विचारून पाहू.

मोटारीतील रेडिओ तसा जुना आहे. अमेरिकेत पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने १९३० साली मोटारीसाठी ‘मोटोरोला’ नावाचा रेडिओ विक्रीस आणला. पुढे निर्वात नळ्या जाऊन ट्रान्झिस्टर आले, कॅसेट आली आणि गेली; आता गाणी मोबाइल फोनमधून येतात. पण एक बंधन तसेच राहिले आहे. मोटारीतल्या स्टीरिओला लागणारी सगळी ऊर्जा मोटारीच्या बॅटरीतूनच घ्यावी लागते.

५० वॉट आले कोठून?

बॅटरी १२ व्होल्टची म्हणून ओळखली जाते. इंजिन चालू असताना आल्टरनेटर तिला भारित करीत असतो. त्या वेळी विद्युत दाब सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. मोटारीतील स्पीकरचा रोध साधारणपणे ४ ओहम धरतात. दाबाच्या वर्गाला रोधाने भागले की शक्ती मिळते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. १४.४ चा वर्ग २०७.३६; त्याला ४ ने भागले की ५१.८४. पाहा, खोक्यावरचे ५० वॉट कोठून आले ते!

पण स्पीकरला एवढी शक्ती मिळण्यासाठी त्यावर सर्व काळ पूर्ण १४.४ व्होल्टचा दाब हवा. क्षणात एका दिशेने, क्षणात उलट दिशेने. असा तरंग कागदावर काढला तर तो चौकोनी दिसेल, आणि कानाला ती नुसती कर्कश खरखर वाटेल. शुद्ध स्वराचा तरंग चढत-उतरत जातो. त्याच्या दाबाचे परिणामकारक मूल्य शिखरमूल्याच्या ०.७०७ पट असते. १४.४ ला ०.७०७ ने गुणले की सुमारे १०.२ व्होल्ट येतात, आणि शक्ती होते केवळ २६ वॉट. यातूनही थोडा दाब ट्रान्झिस्टरांमध्येच खर्च होतो. म्हणून स्वच्छ आवाजासाठी प्रत्येक स्पीकरला प्रत्यक्षात २० वॉटच्या आसपासच शक्ती मिळते. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने २००३ साली ‘सीईए-२००६’ हे मानक आणले. त्यानुसार शक्ती १४.४ व्होल्ट दाबावर, ४ ओहमच्या रोधात आणि १ टक्क्याहून कमी विकृती ठेवून मोजावी लागते. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात असा आकडा दिला असेल तर तोच विश्वासाचा.

याचा अर्थ स्पष्ट आहे. निव्वळ छापील वॉट वाढवण्यासाठी एक स्टीरिओ काढून दुसरा बसवला, तर हाती फारसे काही लागत नाही. बॅटरी तीच, रोध तोच, मग शक्ती वाढेल कोठून?

२० वॉट पुरतात का?

ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. शक्ती दुप्पट केली की पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटण्यासाठी मात्र सुमारे १० डेसिबलची, म्हणजे दहापट शक्तीची गरज असते. २० वॉटचे ४० वॉट केले तर कानाला जेमतेम फरक जाणवेल.

आता स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘संवेदनशीलता’ या शब्दापुढे काय लिहिले आहे ते पाहा. १ वॉट शक्ती दिली असता १ मीटर अंतरावर किती डेसिबल पातळी मिळते, ते या आकड्यावरून कळते. एका स्पीकरची संवेदनशीलता ८८ आणि दुसऱ्याची ९१ डेसिबल असेल, तर दुसरा स्पीकर २० वॉटवर जे काम करील त्यासाठी पहिल्याला ४० वॉट लागतील. म्हणजे योग्य स्पीकर निवडणे हे ॲम्प्लिफायर दुप्पट करण्यासारखेच आहे. २० वॉटमुळे १३ डेसिबलची भर पडते; त्यामुळे दुसरा स्पीकर १ मीटरवर १०४ डेसिबलपर्यंत पोहोचेल. मोटारीच्या बंद जागेत हे पुरेसे आहे, किंबहुना जरुरीपेक्षा जास्त आहे. उलट, कमी संवेदनशीलतेचा महाग स्पीकर त्याच स्टीरिओला जोडला तर तो जुन्याहून हळू वाजेल.

आकारही महत्त्वाचा. खर्ज स्वर काढण्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. ज्याचा हलणारा पडदा १३ सेंटिमीटर व्यासाचा आहे, त्याचे क्षेत्रफळ साडेआठ सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याच्या सव्वादोन पटींहून अधिक भरते. पण मोठ्या पडद्याची एक अडचण आहे. तरंगलांबी पडद्याच्या व्यासाहून कमी झाली, की ध्वनी चहूकडे न पसरता झोतासारखा समोर जाऊ लागतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर १३ सेंटिमीटर तरंगलांबी सुमारे २,६०० हर्ट्‌झला येते. त्यावरचे तीव्र स्वर दाराच्या खालच्या भागातून निघून तुमच्या गुडघ्यांना ऐकू जातील! म्हणून तीव्र स्वरांसाठी अडीच सेंटिमीटरचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, वेगळा करून खिडकीच्या कोपऱ्याजवळ बसवतात.

दाराची पोकळी

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पडद्याच्या दोन बाजूंना परस्परविरुद्ध तरंग निर्माण होतात. ते एकत्र आले तर एकमेकांना खोडून काढतात. १०० हर्ट्‌झच्या स्वराची तरंगलांबी ३.४ मीटर असते. एवढा लांब तरंग स्पीकरच्या कडेला सहज वळसा घालून मागच्या तरंगाला मिळतो. म्हणून सर्वांत जास्त नुकसान खर्जाचे होते.

मोटारीच्या दारात नेमके हेच घडते. आतल्या पत्र्याला मोठमोठी भोके असतात, स्पीकरच्या कडेला फटी असतात. उपाय स्वस्त आहे. लाकडाचे किंवा प्लॅस्टिकचे कडे बसवून त्यावर स्पीकर घट्ट आवळावा, कडेला फोमची पट्टी लावावी, पत्र्यातील मोठी भोके ब्यूटिल रबराच्या चिकट पट्ट्यांनी बंद करावीत. या जड पट्ट्यांमुळे पत्र्याची थरथरही कमी होते. मात्र दाराच्या तळाशी पावसाचे पाणी निघून जाण्यासाठी जी छिद्रे असतात ती कधीही बुजवू नयेत. नाहीतर दार आतून गंजेल.

वेगळा ॲम्प्लिफायर घ्यायचाच असेल तर

ॲम्प्लिफायरमध्ये आतच दाब वाढवण्याची सोय असते, म्हणून तो अधिक शक्ती देऊ शकतो. पण ती ऊर्जा शेवटी बॅटरीतूनच येते. २०० वॉट देणाऱ्या ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता निम्मी धरली, तर तो बॅटरीकडून ४०० वॉट, म्हणजे सुमारे २८ ॲम्पियर प्रवाह घेईल. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर लांबीची, दीड चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार टाकली, तर तिचा रोध सुमारे ०.०५७ ओहम भरतो. तारेतच १.६ व्होल्ट वाया जातील आणि सुमारे ४५ वॉट उष्णता निर्माण होईल. सोल्डरिंग आयर्नदेखील यापेक्षा कमी वॉटचे मिळते! छेद १६ चौरस मिलिमीटर केला, तर हीच उष्णता ४ वॉटच्या आसपास येते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण तिचा रोध सुमारे दीडपट असतो. आणि फ्यूज ॲम्प्लिफायरजवळ नव्हे, तर बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवा. तार वाटेत कोठे घासून पत्र्याला टेकली, तर आगीपासून वाचवणारी तेवढी एकच वस्तू असते.

खर्चाचा क्रम

आता क्रम सहज ठरेल. प्रथम बिनखर्चाची तपासणी : स्पीकरांची जोडणी, स्वरांची मांडणी, सैल झालेले स्क्रू. मग दाराची दुरुस्ती. त्यानंतर चांगल्या संवेदनशीलतेचे पुढचे दोन स्पीकर. मागच्या आसनावर बसणारे नेहमीचे नसतील, तर मागचे स्पीकर जुनेच राहू द्यावेत. यानंतर पैसे उरले आणि गरज वाटली, तरच ॲम्प्लिफायर. नवा स्टीरिओ ध्वनीसाठी नव्हे, तर फोन जोडण्यासारख्या सोयीसाठी घ्यावा. पुष्कळ मोटारींच्या दारांत आता हवेच्या सुरक्षा-पिशव्यांचे संवेदक असतात. म्हणून दार उघडण्याचे आणि तारांचे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

एक बंधन मात्र पैशांनी हलत नाही : आपले कान. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला हा काळ निम्मा होतो. ९० डेसिबलला तो जेमतेम ४ तासच उरतो. आतल्या कानातील केसासारख्या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. शिवाय रुग्णवाहिकेचा भोंगा चालकाला ऐकू यायलाच हवा.

करून पाहा

(१) जुन्या रेडिओचा सुटा स्पीकर वाजवत हातात धरा. मग एका मोठ्या पुठ्ठ्याला त्याच्या पडद्याएवढे भोक पाडून स्पीकर त्याला घट्ट टेकवा. खर्ज कसा भरून येतो ते ऐका. दाराच्या दुरुस्तीचे सारे रहस्य या पुठ्ठ्यात आहे.

(२) सुट्या स्पीकरच्या दोन टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. (ट्वीटरवर हा प्रयोग करू नका.) सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लागले, तर पडदा बाहेर सरकतो. मोटारीतल्या दोन स्पीकरांपैकी एकाच्या तारा उलट लागल्या असतील, तर एक पडदा बाहेर जाताना दुसरा आत जातो आणि खर्ज नाहीसा होतो. कित्येकदा ‘स्पीकर खराब झाला’ या तक्रारीचे मूळ एवढेच असते.

सोडवा

(१) ४ ओहमऐवजी २ ओहमचा स्पीकर त्याच स्टीरिओला जोडला, तर शुद्ध स्वरासाठी गणिताने किती वॉट येतील? तरीही तसे का करू नये?
(२) ९२ डेसिबलचा आवाज आठवड्याला किती वेळ ऐकणे सुरक्षित आहे?

उत्तरे : (१) सुमारे ५२ वॉट, पण प्रवाह दुप्पट होऊन स्टीरिओतील ट्रान्झिस्टर तापतात व जळू शकतात. (२) अडीच तास.